जावयाला घेऊन अनेरच्या काठाने

जावयाला जाब विचारायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. त्याला पाट द्यायचा, ताट द्यायचं, निघताना टॉवेल-टोपी द्यायची आणि मनात जे काही असेल ते बैठकीपर्यंत मनातच ठेवायचं. बैठक म्हणजे दोन्हीकडची वडीलधारी मंडळी सतरंजीवर समोरासमोर बसतात, चहा होतो आणि नवरा-बायकोचं भांडण चार भिंतींतून निघून चाळीस कानांत जातं. तिथे सुटलेला शब्द परत घेता येत नाही. अशा बऱ्याच बैठकांना मी पंच म्हणून बसलो आहे. स्वतःच्या पोरीची बैठक बघायची मात्र माझी छाती नव्हती.

आमची सुजाता दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याहून चोपड्याला आली ती राहिलीच. का, ते सांगेना. तिची आई, सुमन, आधी गोडीने विचारून थकली, मग चिडून थकली. "काही नाही, राहायला आले," एवढंच उत्तर. माझं चोपड्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळलेली मोटार उघडून कुठलं वेटोळं गेलं ते मी वासावरून सांगतो. घरातल्या पोरीचं काय जळतंय ते काही कळेना. इकडे गल्लीतल्या बाया सुमनला विचारायला लागल्या आणि तिकडून जावयाच्या काकांचा फोन आला. "पोरगी का नांदत नाही ते चौघांत बसून ठरवू," म्हणाले. फेब्रुवारीतला पहिला रविवार ठरला.

त्याआधी मला जावयाशी एकट्याने बोलायचं होतं. घरी बोलावलं तर तो पाहुणा, मी त्याच्याकडे गेलो तर मी पाहुणा, आणि पाहुण्यांच्यात कामाचं बोलणं होत नाही. विहिरीत मोटार उतरवताना माणसं पाण्याकडे बघत बघत घरातलं सगळं सांगून टाकतात, हे मी आयुष्यभर पाहत आलोय. तेव्हा पाणी पाहिजे, आणि पाचवा कान नको. साखरपुड्यात काका थट्टेने म्हणाले होते की आमच्या आनंदला गळ दिला की जेवणाचंही भान राहत नाही. मी गळ कधी हातात धरला नव्हता. मासे मला फक्त ताटात ओळखता येतात. पण सव्वीस जानेवारी सोमवारी आली होती, शनिवार-रविवार धरून तीन दिवस मोकळे होते. मी फोन केला.

"जावईबापू, मासे धरायला येता का? पाठीवर पिशवी टाकायची, नदीकाठाने हिंडायचं. आपण दोघंच."

तो म्हणाला, "मासे?"

"हो, मासे."

"बरं मामा. तुम्ही म्हणता तर येतो."

सुजाता मेथी निवडत बसली होती. तिचे हात थांबले. "मासे धरायला? त्यांना घेऊन?" म्हणाली आणि हसली. ते हसू मला आवडलं नाही. "जा," म्हणाली, "चांगली जागा शोधा."

जागा शोधणे

चांगली जागा म्हणजे जिथे कुणी नाही अशी. उनपदेवला गरम पाण्याचा झरा, तिथे सुट्टीत अर्धा तालुका आंघोळीला. अनेर धरणाच्या वरच्या अंगाला अभयारण्य, तिथे गळ टाकला की वनखात्याचा माणूस आपल्यालाच गळाला लावणार. धरणात मासेमारीचा ठेका दिलेला. राहिली धरणाखालची नदी. शिरपूरच्या रस्त्यावर अनेरचा पूल आहे. पुलाच्या अलीकडे आमचा जळगाव जिल्हा, पलीकडे त्यांचा धुळे. त्या पुलापासून खाली तापीकडे जाणारा काठ मी मोबाइलच्या नकाशावर पाहिला तर नुसता हिरवा पट्टा, एका गावाचं नाव नाही. मी खूश झालो.

नकाशावर हिरवं दिसतं ते काय असतं, हे चोपड्याच्या माणसाला कळू नये याला काय म्हणावं? केळी असते. केळी म्हटली की पाणी, पाणी म्हटलं की मोटार, आणि त्या भागातली प्रत्येक मोटार दोन-तीन वर्षांतून एकदा माझ्या दुकानात येऊन जाते. जगापासून लांब म्हणून मी बरोबर माझ्या गिऱ्हाइकांच्या मधोमध जागा निवडली होती. हे माझ्या लक्षात आलं तोवर पिशवी पाठीवर चढली होती.

पिशवीचंही सांगतो. तंबू आणि पाठपिशवी मंडपवाल्या सलीमभाईंनी दिली. त्यांचा पुतण्या डोंगर चढायला जातो. पण भरली सुमनने. दादर ज्वारीचं पीठ, वाटलेला मसाला, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, तेलाची बाटली, वर तवा. "जावई माणूस आहे, उपाशी राहायला नको," म्हणाली. पोरगी नांदत नाही म्हणून जावयाचा राग तिला माझ्यापेक्षा जास्त, पण तवा तिनेच घातला.

शनिवार: पूल आणि पुढे

मी पुलाच्या अलीकडे उतरलो, आनंद शिरपूरकडून येऊन पलीकडे. दोघं आपापल्या टोकाला उभे. मला वाटलं तो येईल, त्याला वाटलं असावं बोलावल्याशिवाय कसं जायचं. मग आठवलं की जावयाला वेशीवर घ्यायला सासऱ्याने जायचं असतं, म्हणून मीच पूल ओलांडला.

"जय भीम मामा."

"जय भीम, जय भीम. त्रास नाही ना झाला?"

वाळलेला दिसला. तिशी नुकतीच ओलांडलेला उंच पोरगा, गाल आत गेलेले. पाठीवर छोटी पिशवी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन काठ्या. माझ्या पिशवीकडे बघून म्हणाला, "ती माझ्याकडे द्या." मी दिली नाही. जावयाच्या पाठीवर ओझं आणि सासरा हात हलवत, असं कुणी पाहिलं असतं तर माझी अब्रू गेली असती. त्याने पट्टा धरला, मी दुसऱ्या बाजूने धरला, आणि पुलावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने आम्ही भांडतोय समजून वेग कमी केला. शेवटी ती माझ्याच पाठीवर राहिली. तवा मणक्यात रुतत होता.

पुलाखालून काठाने पायवाट जाते. एका हाताला नदी, डोहाडोहांत साठलेली, मधे खडकांवरून बारीक वाहणारी. दुसऱ्या हाताला केळीच्या बागा, घडांना थंडीसाठी पिशव्या घातलेल्या. त्यापुढे गहू, हरभरा. जानेवारीत आमच्याकडे दुपारीही सावलीत गार वाटतं. मी बोलायला सुरुवात केली.

"धुळ्याला थंडी कशी?"

"आहे मामा."

"यंदा जास्तच, नाही?"

"हो मामा."

थंडी संपली. पुढचा विषय शोधत होतो तेवढ्यात हाक आली. हिलाल नाना, पासष्टीचे, आपल्या विहिरीच्या थारोळ्यापाशी उभे.

"ओ मोटारवाले भाऊ, कोठे चालनात? हाऊ कोन शे?"

"मना जवाई शेतस. धुयाले प्राध्यापक शेतस," मी सांगितलं. सांगताना छाती थोडी पुढे येते. आमच्या घरात माझ्या बापाने विहिरी खोदल्या, मी मोटारी बांधल्या, आणि जावई कॉलेजात इतिहास शिकवतो. हे मी चोपड्यात कुणाला सांगायचं बाकी ठेवलेलं नाही.

"मंग आसं कसं चाली?" नाना म्हणाले. "जवाई दारशी उना आन तसाच जाई?"

झालं. मळ्यात नेलं, खाट टाकली. नानांच्या बायकोने, काकूंनी, पेटीतून टॉवेल-टोपी काढली. खान्देशात प्रत्येक घरात ती पेटीत तयार असते, पाहुणा कधी उगवेल सांगता येत नाही. आनंदच्या डोक्यावर पांढरी टोपी चढली. मग काकू म्हणाल्या, "पोर कशी शे? आनी नई का?"

मी म्हटलं, "बरी शे." आणि त्याच क्षणी आनंद म्हणाला, "तिच्या शिकवण्या चालू आहेत, म्हणून नाही आली."

मी त्याच्याकडे पाहिलं. पापणी हलली नव्हती. पोरगा इतकं सफाईने खोटं बोलतो याचं मला त्या वेळी हायसं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली.

भरीत खाल्ल्याशिवाय सोडणार नव्हतेच. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, सोलून लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर कुटली, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आनंद म्हणाला की त्यांच्याकडे भरतात पात कमी आणि मिरची जास्त. काकूंनी ते ऐकून मिरची आणून दिली. तो दोन भाकरी खाऊन थांबला, तर नानांनी तिसरी ताटात टाकली. "जवाईनी दोनच खादी, हाई लोके काय म्हनतीन?" त्याने चौथीही खाल्ली.

उन्हं कलताना आम्ही एका डोहापाशी तंबू लावला. आनंदने गळाला दोरा बांधला. दातात एक टोक, बोटांभोवती तीन वेढे, एक हिसका, गाठ तयार. माझ्या चाळीस वर्षांच्या वायरिंगच्या हातांना ती गती नाही. मी कौतुकाने म्हटलं, "रोज जाता की काय मासे धरायला?"

गळ त्याच्या अंगठ्यात घुसला. रक्त आलं. मी हळद शोधली; सुमनने तीही घातली होती. त्या संध्याकाळी मासा लागला नाही आणि माझा प्रश्नही निघाला नाही. आम्ही जेवलो, शेकोटी विझवली आणि झोपलो.

रविवार: पीठ आणि टोपी

सकाळी एका मळ्यावाल्याने चहाला ओढून नेलं. पुन्हा टॉवेल-टोपी, पुन्हा "पोर कशी शे," पुन्हा आमचं दोघांचं "बरी शे." आता आम्हाला ते छान जमायला लागलं होतं. तो सुरू करायचा, मी संपवायचो. जावयाशी माझं इतकं एकमत आधी कधी झालं नव्हतं, आणि झालं ते खोटं बोलण्यात, याची मला लाज वाटत होती.

पुढे काठ फार तुटका आहे. मातीच्या उंच दरडी, मधे पाण्याने कापलेल्या घळी, बाभळी. अशाच एका घळीत उतरताना माझा पाय सटकला. मी वाचलो, पिशवी पाण्यात गेली. आनंदने उडी मारून काढली तोवर दादरच्या पिठाची खळ झाली होती. तवा शाबूत. मी चिखलात बसून सुमनचं काय करायचं याचा विचार करत होतो. आनंद म्हणाला, "मामा, वर धूर दिसतोय. कुणाचं तरी घर आहे."

ते जिजा आक्काचं घर निघालं. सत्तरीची बाई, मालक गेल्यावर केळीची बाग तिने एकटीने सांभाळली. मोटार जळली की स्वतः टेंपोत बसून माझ्या दुकानात येते आणि काम होईपर्यंत हलत नाही. आम्हाला चिखलात बघून तिने काही विचारलं नाही. पाणी तापवलं, आंघोळीला लावलं आणि चुलीशी बसली. शेवभाजी, मेथी, भाकरी. शेवभाजीचा रस्सा इतका लाल की आनंदचं नाक वाहायला लागलं. पण जेवण्याआधी टोपी आलीच. आता त्याच्याजवळ तीन टोप्या झाल्या होत्या.

"काय करतस जवाईबापू?" आक्काने विचारलं.

"प्राध्यापक शेतस," मी म्हटलं.

आक्काचा हात भाकरीवर थांबला. तिचा चेहरा उजळला. "भाऊ, मना नातू औंदा बारावी शे. धुयाले शिकाले धाडू म्हनस. तुमना कॉलेजमा त्याले लावी दिशात का? तुमी राह्यनात त माले काळजी नई."

मी आनंदकडे वळलो, तो "हो" म्हणेल म्हणून. त्याने घास ताटात ठेवला. टोपी काढली, घडी घातली आणि ताटाशेजारी ठेवली.

"आक्का, मी आता कॉलेजात नाही," तो म्हणाला. "तासिकेवर होतो. यंदा जूनपासून त्यांनी घेतलं नाही. तुमच्या नातवाला माझ्या भरवशावर पाठवू नका."

आक्काने त्याच्याकडे पाहिलं, मग टोपीकडे.

"टोपी कसाले काढी?" ती म्हणाली. "ती जवाईले दिधी, नोकरीले नई. घाला ती, आन जेवा."

त्याने घातली. आक्काने भाकरी वाढली. मी रीतभात विसरलो आणि तिथेच विचारलं, "सुजाताला माहीत आहे?"

"माहीत आहे मामा. म्हणून तर ती तुमच्याकडे आहे."

आक्का पाणी आणायच्या निमित्ताने उठली आणि आमचं जेवण होईपर्यंत बाहेरच राहिली.

उरलेलं त्याने काठाने चालताना सांगितलं. जूनमध्ये काम गेलं. घरी सांगितलं नाही. आई, काका, शेजार सगळे त्याला सर म्हणत होते. तासिकेचा पगार असाही महिनोन्‌महिने थकतो, त्यामुळे "थकलाय" म्हटलं की कुणी पुढे विचारत नव्हतं. सुजाता रोज डबा द्यायची. तो डबा घेऊन निघायचा आणि धुळ्याजवळच्या एका तलावाच्या काठी गळ टाकून बसायचा. डबा तिथेच खायचा. धरलेले मासे घरी नेता येत नव्हते, मास्तर रोज मासे कुठून आणणार? म्हणून बाजारातल्या एका मासेवाल्या बाईला विकायचा. आणि रविवारी सुजाता त्याच बाईकडून मासे आणायची.

"तुमचेच मासे?"

"माझेच मामा. ती म्हणायची, या बाईचे मासे ताजे असतात. मी खायचो."

दिवाळीच्या आधी दोघं मिळून बाजारात गेले. मासेवाली बाई त्याला म्हणाली, भाऊ, काल आला नाहीत, माझी गिऱ्हाइकं परत गेली. सुजाताने घरी येऊन सगळं विचारून घेतलं. त्याने हात जोडले. घरी कळू देऊ नको, मी काहीतरी बघतो, म्हणाला. "ती म्हणाली, मी कुणाला सांगणार नाही. पण तुमच्या खोट्यातही राहणार नाही. आईंना तुम्ही स्वतः सांगाल त्या दिवशी येईन."

मी थांबलो. मला भयंकर राग आला होता. नोकरी जाते, माझं दुकानही एकदा बंद पडलं होतं. राग नोकरी गेल्याचा नव्हता. तीन महिने माझी पोरगी गल्लीतल्या बायांचं ऐकत होती, आईचे टोमणे खात होती, तिच्या सासरचे तिला नांदत नाही म्हणत होते, आणि ती याची लाज झाकायला तोंड शिवून बसली होती. हे सगळं मी त्याला ऐकवलं. अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर आलो. "आणि बैठकीत काय करणार होतास? तिथेही तिलाच बोल लावू देणार होतास?"

तो म्हणाला, "माहीत नाही मामा."

"मग गळ घेऊन आलास कशाला इथे?"

"तुम्ही बोलावलंत. सासऱ्याला नाही कसं म्हणणार?"

मला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं. मी खडकावर बसलो. तोही बसला, जरा लांब. मग त्याने माझी पिशवी उचलली आणि स्वतःच्या पाठीवर घेतली. मी धरून ठेवली नाही. तव्यासकट ती त्याच्या पाठीवर गेली तेव्हा माझ्या खांद्यांना कळलं की आपण दोन दिवस काय वाहत होतो.

सोमवार: मासे

सकाळी धुकं होतं. पलीकडच्या काठावरच्या शाळेतून राष्ट्रगीत ऐकू आलं. दर सव्वीस जानेवारीला मी चोपड्याच्या बुद्धविहारात उद्देशिका वाचायला पुढे असतो. यंदा चिखलाच्या कपड्यांत वाळूवर ताठ उभा राहिलो, शेजारी आनंद. गीत संपल्यावर त्याने मला गळ टाकायला शिकवलं. गांडूळ लावायला मला किळस वाटली, तर कणकेची गोळी लावा म्हणाला. मग पीठ नाही हे दोघांनाही आठवलं.

माझ्या गळाला बोटभर मासा लागला, त्याने तो परत सोडायला लावला. त्याच्या गळाला आधी एक मरळ लागली, हातभर लांब, मग दोन लहान. त्याने मरळ धरली आणि सवयीने इकडेतिकडे पाहिलं. मला वाटलं, रोज असाच बघत असेल, कुणी ओळखीचं नाही ना.

"या घरी न्यायच्या," मी म्हटलं.

"चोपड्याला? तिला चालेल?"

"मला काय माहीत? तिलाच विचारा."

केळीच्या पानात गुंडाळून, पाणी मारत मारत आम्ही त्या दुपारी चोपड्याला आणल्या. एसटीत कंडक्टरने नाक मुरडलं. दार सुजातानेच उघडलं. आधी माझे कपडे पाहिले, मग त्याच्या हातातलं पान.

"कुठले?" तिने त्याला विचारलं.

"अनेरचे. मी धरले." मग थांबून म्हणाला, "मामांना सांगितलं सगळं."

"आणि सासूबाईंना?"

"उद्या सांगतो."

तिने पान हातात घेतलं, उघडून मरळ पाहिली. आत वळून सुमनला म्हणाली, "आई, राख आहे का थोडी?" मोरीत बसून दोघांनी मासे साफ केले, ती राख लावून धरत होती, तो कापत होता. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. सुमन माझ्याकडे प्रश्नार्थक बघत होती, तर मी तिला पीठ भिजल्याचं सांगून टाकलं. सगळ्या गोष्टी एकाच दिवशी सांगून व्हाव्यात म्हणून.

मंगळवारी सकाळी दोघं धुळ्याच्या गाडीला निघाले. मी चप्पल घालत होतो. सुजाता म्हणाली, "तुम्ही येऊ नका बाबा. ते सांगतील, मी शेजारी बसेन."

दिवसभर दुकानात माझं लक्ष नव्हतं. एका मोटारीचं वेटोळं मी उलटं बांधलं आणि पुन्हा सोडलं. संध्याकाळी फोन आला.

"सांगितलं त्यांनी," सुजाता म्हणाली.

"मग?"

"सासूबाई रडल्या. मला म्हणाल्या, पोरी, तू तरी बोलायचंस. काकांनीच पानं घ्यायला सांगितली. मग सगळे जेवलो."

मी म्हटलं, "आणि बैठक?"

"झाली की बाबा," ती म्हणाली. "घरचेच बसलो होतो."